धरण 'उच्च धोका' वर्गात आहे म्हणजे ते फुटणार आहे का?

तुमचा प्रश्न मला असा समजला. गावाच्या वरच्या अंगाला मातीचा लघु पाटबंधारे तलाव आहे, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या यादीत त्याच्यापुढं 'उच्च धोका' लिहिलंय, शेजारच्या तलावापुढं 'कमी' लिहिलंय आणि तो तर उघड गळतोय, मग हे उलटं कसं, आणि ओढ्याकडेला घेतलेला प्लॉट विकून टाकायचा का.

उलटं काही नाही दादा. मी पाटबंधारेत शाखा अभियंता होतो, आता रिटायर होऊन कोल्हापुरातच असतोय, आणि हा गोंधळ सरपंचापासून पत्रकारापर्यंत सगळ्यांचा होतो. त्या रकान्यात धरणाची तब्येत लिहिलेली नसतेच. ते फुटलंच तर खाली काय काय जाईल एवढंच त्यात बघितलेलं असतंय. धरण एकदम ठणठणीत, थेंब गळत नाही, पण खाली गाव, शाळा, एसटी स्टँड असलं की ते वरच्या वर्गात जाणारच. आणि दुसरं पार मोडकळीला आलेलं असू दे, खाली नुसता ऊस आणि माळ असला तर 'कमी'. अमेरिकेत पण हेच धोरण, तिथं तीन वर्ग करतात आणि फुटल्यावर एक जरी माणूस दगावेल असं वाटलं तर ते हाय हझार्ड, मग बांध कितीही मजबूत असो. आपल्याकडं केंद्रीय जल आयोगानं २०२० मध्ये चार वर्ग ठरवले, त्यात जीवितहानी किती होऊ शकते, घरादाराचं शेतीचं नुकसान, प्रकल्पाची स्वतःची किंमत, आणि पर्यावरण-वारसा असं सगळं धरून गुण देतात.

धरणाची तब्येत वेगळ्या कागदावर असते. पावसाळ्याआधी एक आणि पावसाळ्यानंतर एक अशी तपासणी होते, त्यात निघालेल्या त्रुटींच्या आपल्या राज्यात तीन श्रेणी लावतात. श्रेणी एक म्हणजे अशी त्रुटी की दुर्लक्ष केलं तर धरण जाऊ शकतं, दोन म्हणजे मोठी दुरुस्ती लगेच पाहिजे, तीन म्हणजे किरकोळ, झुडपं काढा, बांधाच्या उतारावरच्या अस्तराचे (पिचिंगचे) दगड बसवा वगैरे. तेव्हा तुमच्या शेजारचा गळका तलाव धोका वर्गात खाली आणि त्रुटीत वरच्या श्रेणीत असणं एकदम शक्य आहे. खरी झोप उडवणारी जोडी म्हणजे दोन्हीकडं वर असलेला तलाव. तुमच्या तलावाची त्रुटी श्रेणी कुठली ते त्या यादीत नाही, आणि तुम्हाला पाहिजे ती माहिती नेमकी तीच आहे.

मग वर्गाचा उपयोग काय? सांडवा, म्हणजे तलावातलं जादा पाणी बाहेर काढायची वाट, केवढ्या पुरासाठी काढायचा ते ठरवायला तो लागतो. भारतीय मानकात धरणाच्या आकारावरून धरतात, लहान असेल तर शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर, त्याच्यावर त्याहून मोठा, आणि सगळ्यात मोठ्या धरणांना जास्तीत जास्त जेवढा संभवतो तेवढा पूर, पण खाली वस्ती दाट असली तर लहान धरणाला सुद्धा मोठा पूर धरा असं आहे. आता गंमत बघा, धरण बांधलं तेव्हा खाली नुसतं शिवार होतं, सांडवा त्या हिशोबानं काढला, पुढं रस्ता झाला, गुंठेवारी पडली, ओढ्याकडेला फार्महाऊस उठले. धरणाची एक पाटी माती हलली नाही तरी वर्ग बदलला, सांडवा मात्र जुनाच. म्हणजे तुमच्या प्लॉटसारख्या प्लॉटांमुळंच तो तलाव त्या रकान्यात गेलाय, राग मानू नका. प्लॉट ओढ्याच्या पातळीला असेल तर मी घर बांधलं नसतं, चढाला असेल तर विकायचं काही कारण दिसत नाही.

मातीच्या धरणाचं एवढं का करायचं तर राधानगरीचं दगडी धरण वेगळं आणि हे वेगळं. दगडी बांधावरून थोडंफार पाणी गेलं तर तो बहुतेक वेळा तग धरतो, मातीचा माथा एकदा पाण्याखाली गेला की काही तासांत खेळ खलास. पानशेतला १२ जुलै १९६१ ला हेच झालं, काम पुरतं झालेलं नसताना पाणी साठलं, बांध खचला, जवानांनी वाळूची पोती लावून पण शेवटी गेलाच, आणि त्याच्या पाण्यानं खालचं खडकवासला पण फुटलं. गुजरातेत मोरबीला मच्छू-२ धरणाचे मातीचे भाग ११ ऑगस्ट १९७९ ला पाणी वरून जाऊनच वाहून गेले. म्हणून सांडव्यात पोती टाकून, फळ्या लावून थोडं जास्त पाणी अडवायची हौस काही गावांत असते ना, ती बघितली की माझं डोकं फिरतं.

माथ्यावरून पाणी जाणं हा फुटण्याचा एक प्रकार, दुसरा प्रकार आतून पोखरण्याचा. उसाला पाणी पाजताना उंदराच्या बिळातून बांध कसा आधी बारीक झिरपतो आणि बघता बघता हातभर भगदाड पडतं, तसंच. आणि इथं एक सांगतो, २ जुलै २०१९ ला चिपळूण तालुक्यात तिवरे धरण फुटून वीसच्या आसपास माणसं गेली, तेव्हा मंत्र्यांनी खेकड्यांवर ढकललं म्हणून अख्खा महाराष्ट्र हसला. हसणं बरोबरच होतं, कारण बिळं पडली तर ती बुजवायची कुणी? पण बिळं, वारुळं, बांधावरची झाडं ही तपासणीच्या तक्त्यात असतातच, ते काय खोटं नव्हे. आपल्या जिल्ह्यात १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री भुदरगड तालुक्यातला मेघोली तलाव फुटला, एक बाई गेली, जनावरं गेली, शेतं खरवडून निघाली. लहान तलाव होता. लहान आहे म्हणून काही होत नाही हे डोक्यातून काढाच.

आपल्याला पूर म्हटलं की पंचगंगा आठवते, कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, फुटाफुटानं चढतंय, लोकं मोबाईलवर आकडे बघत सामान माळ्यावर टाकतात. धरणफुटीला असा वेळ मिळत नाही. तलाव गावाच्या जवळ असेल तर मिनिटांचा खेळ, आणि ओढ्याच्या रस्त्यानं खाली पळायचं नाही, आडवं पळून चढ गाठायचा.

गळतीचं म्हणाल तर प्रत्येक मातीचं धरण पाझरतंच, पायथ्याला रॉक टो, म्हणजे पाणी निथळायला रचलेले दगड, आणि नाली त्यासाठीच असते. पाणी नितळ आणि दरवर्षी तलावाच्या त्याच पातळीला साधारण तेवढंच असेल तर घाबरू नका. गढूळ यायला लागलं, म्हणजे बांधाची माती बाहेर निघायला लागली, किंवा एकदम वाढलं, किंवा वाढलेलं अचानक थांबलं, किंवा विमोचकाच्या, म्हणजे तलावातून पाणी सोडायच्या दाराच्या, शेजारून नवा झरा फुटला, तर त्याच दिवशी तहसीलदार, पोलीस पाटील यांना आणि जिल्हा नियंत्रण कक्षाच्या १०७७ नंबरवर कळवा. माथ्यावर भेग असेल तर ती लांबीला आहे की आडवी ते बघा, आडवी जास्त वाईट, कारण पाण्याला आरपार वाट मिळते.

आणि तलाव कुणाचा आहे ते आधी शोधा, जलसंपदाचा, मृद व जलसंधारणचा का जिल्हा परिषदेचा. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो, १० ते १५ मधल्यांना काही अटी बसल्या तरच. त्याखालच्या पाझर तलावांना तो लागूच नाही, तिथं गावालाच मागं लागावं लागतं. कायद्यात बसत असेल तर आपत्कालीन कृती आराखडा मागा, फुटलं तर पाणी कुठवर येईल त्याचा नकाशा त्यात असतो, तुमचा प्लॉट त्यात आत आहे का बाहेर ते दिसेल. तपासणीचा शेवटचा अहवाल माहिती अधिकारात मिळतो, अर्जात 'त्रुटींची श्रेणी आणि केलेल्या दुरुस्तीचा तपशील' असं स्पष्ट लिहा, नुसतं 'धरण सुरक्षित आहे का' विचारलं तर 'होय' एवढंच उत्तर येतं. आणि मे महिन्यात तपासणीला साहेब येणार असतील तर त्याआधी खालच्या उतारावरचं गवत कापून घ्यायला लावा, कंबरेएवढ्या गवतात झरा कुणाच्या बापाला दिसत नाही.