धूर कुठे गेला: कोडे की कूट?

प्रश्न असा आहे: ‘विजेवर चालणारी आगगाडी उत्तरेकडे निघाली आहे, वारा पश्चिमेचा आहे, तर धूर कोणत्या दिशेला जाईल?’ या प्रकाराला मराठीत काय म्हणायचे? कोडे, उखाणा की कूटप्रश्न?

कूटप्रश्न. आणि हा शब्द अशाच ठिकाणी वापरावा. पाणीटंचाईपासून जागावाटपापर्यंत दिसेल त्या अवघड प्रश्नाला ‘कूटप्रश्न’ म्हणायची जी खोड लागली आहे, ती ऐकून कान किटले. पाणीटंचाई बिकट आहे, कूट नाही. तिथे कोणी शब्दांत काही लपवलेले नाही.

कूट म्हणजे शिखर, ढीग, हातोडा, हे सगळे बाजूला ठेवू. इथला अर्थ कपटाचा. खोटी साक्ष देणारा तो कूटसाक्षी, छलाने लढायचे ते कूटयुद्ध, खोटी नाणी पाडणारा कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कूटरूपकारक. पण मला सर्वांत आवडतो तो पाली-प्राकृतातला अर्थ: सापळा. सापळ्यात कोणी ढकलत नाही, जनावर आपल्याच पायांनी आत येते. धुराच्या प्रश्नात हेच घडते. ऐकणारा दिशा पकडतो, वेग आणि वारा जुळवतो आणि ठामपणे सांगतो, ‘आग्नेयेला!’ हिशेब चोख आहे. गाडी उत्तरेला, म्हणून धूर मागे दक्षिणेला रेलणार, पश्चिमेकडून आलेला वारा त्याला पूर्वेकडे लोटणार. फक्त विजेच्या गाडीला धूरच नसतो. (काही जण ‘नैऋत्येला’ म्हणतात. ते दोनदा फसले. वाऱ्याला नाव तो जिथून येतो त्या दिशेचे मिळते, जातो त्या दिशेचे नव्हे.)

आता खरी गंमत. हा सापळा मराठीत जितका पक्का बसतो तितका ‘ट्रेन’ म्हणून बसणार नाही, असे माझे ठाम मत आहे. आगगाडी! वाफेच्या इंजिनाच्या काळात पडलेले हे नाव. आपल्याकडे 1925 साली विजेची गाडी धावू लागली तरी ते टिकून राहिले, जशी आगबोट टिकली. प्रश्नातला ‘वीज’ हा शब्द धूर काढून घेतो आणि ‘आग’ तो परत आणून ठेवतो. त्यात चुकीचे उत्तर कोणते, तर आग्नेय, अग्नीचीच दिशा! प्रश्नातही अग्नी, फसलेल्या उत्तरातही अग्नी, आणि प्रत्यक्षात ठिणगीएवढीही आग नाही. म्हणून ‘विजेच्या गाडीला आगगाडी म्हणणे अशुद्ध’ असे बजावणाऱ्या शुद्धिवाद्यांचे मी ऐकणार नाही. त्यांचे ऐकले तर हे कूट निम्मे मरते.

‘कोडे म्हणजे कूटाचाच अपभ्रंश’ असे बेधडक सांगणारेही भेटतात. मग ‘ऊ’चा ‘ओ’ कसा झाला तेही सांगा म्हणावे. कूटाचा वारस मराठीत आधीच आहे: कुडा, म्हणजे खोटा, कपटी. कोडे मला प्राकृत ‘कोड्ड’ म्हणजे नवल, कौतुक, या घरातले वाटते, कोडकौतुकातल्या ‘कोडा’चे सख्खे भावंड. अर्थही तिकडेच जातो. 100 किलोमीटर अंतरावरून दोन गाड्या ताशी 50 च्या वेगाने समोरासमोर निघाल्या आणि त्या भेटेपर्यंत एक माशी ताशी 75 च्या वेगाने दोघींमध्ये येरझारा घालत राहिली, तर ती किती उडाली? गाड्या तासाभरात भेटतात, म्हणून 75 किलोमीटर. यात खोटे काहीच नाही, येरझारा मोजत बसायची गरज नाही हे कळल्यावर नवल वाटते. हे कोडे.

व्यासांनी महाभारतात 8800 कूटश्लोक घातले आणि लिहिता लिहिता गणपतीला विचार करायला थांबवले, अशी कथा आहे. तेही शब्दांनीच अडवले होते, आकड्यांनी नव्हे.

उखाण्याचे राहिलेच. त्यात वस्तू वेष पालटून समोर येते आणि ती ओळखायची असते. इथे ओळखायला वस्तूच नाही, तेव्हा तो शब्द इथे नको.