प्राणी उद्यानात, प्रश्न उद्यानाबाहेर: परदेशातील एका संवर्धन-सत्राविषयी

आपण विचारले आहे की, पदवीचे एक सत्र परदेशातील वन्यजीव-संवर्धनाच्या क्षेत्राधारित अभ्यासक्रमाला द्यावे का, तेथे दिवस कसा जातो आणि प्राण्यांसोबत प्रत्यक्ष काम करायला मिळते का. मी असे एक सत्र उत्तर तांझानियात, तारांगिरे राष्ट्रीय उद्यानाजवळच्या तळावर राहून पूर्ण केले आहे, त्यामुळे पुढचे सारे त्या प्रदेशाच्या अनुभवावरून लिहीत आहे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. प्राणी दिसतात, भरपूर दिसतात, पण त्यांना हात लावण्याचा प्रसंग येत नाही. आणि सिंहाच्या छाव्यांना बाटलीने दूध पाजायला मिळेल असे ज्या माहितीपत्रकात लिहिलेले असेल, ते पर्यटनाचे माहितीपत्रक समजावे. विद्यार्थ्याच्या वाट्याला येते ते मोजणी, नोंदी आणि वाट पाहणे. पहाटे गाडी ठरलेल्या रेषेवरून सावकाश न्यायची, कळप दिसला की इंजिन बंद करायचे, रेंजफाइंडरने अंतर आणि होकायंत्राने कोन घ्यायचा आणि त्यावरून कळपाचे रेषेपासूनचे लंब अंतर काढायचे. या पद्धतीला डिस्टन्स सॅम्पलिंग म्हणतात. रेषेपासून दूर गेलेले प्राणी नजरेतून अधिक निसटतात. ते कोणत्या प्रमाणात निसटतात याचा अंदाज या अंतरांवरूनच बांधता येतो आणि त्यामुळे न दिसलेल्या प्राण्यांचाही हिशेब करता येतो. सुरुवातीचे तीन दिवस मी कळपाच्या मध्याऐवजी सर्वांत जवळच्या झेब्र्याचे अंतर घेत होतो. अंतरे कमी भरली म्हणजे प्राण्यांची घनता, म्हणजे दर चौरस किलोमीटरमागची संख्या, फुगते, हे रात्री आकडेमोड करताना शिक्षिकेने दाखवून दिले आणि त्या तीन दिवसांच्या माझ्या नोंदी बाद झाल्या. वर्गात हीच गोष्ट मी परीक्षेपुरती पाठ केली असती.

तरीही या सत्राचे खरे मोल मला मोजणीत दिसले नाही. तारांगिरे उद्यान १९७० साली स्थापन झाले आणि त्याचे क्षेत्रफळ सुमारे २,८५० चौरस किलोमीटर आहे. कोरड्या महिन्यांत तारांगिरे नदीच्या पाण्यावर विल्डबीस्ट (गाईसारखी दिसणारी आफ्रिकी हरणे), झेब्रे आणि हत्ती गर्दी करतात, आणि त्या वेळी पाहणाऱ्याला वाटते की उद्यान राखले म्हणजे काम झाले. पाऊस सुरू झाला की विल्डबीस्ट आणि झेब्र्यांचे बहुतेक कळप हद्द ओलांडून बाहेर पडतात. त्यांपैकी अनेक पूर्वेकडील सिमानजिरोच्या माळावर जातात, कारण तेथील गवतात फॉस्फरससारखी खनिजे अधिक असतात आणि पिल्लांना पाजणाऱ्या माद्यांना त्यांची गरज असते. हा माळ उद्यानाचा भाग नाही. तेथे मसाई पशुपालकांची गावे आणि कुरणे आहेत. पश्चिमेला तारांगिरे आणि मन्यारा सरोवर यांच्यामधला क्वाकुचिंजा हा भ्रमणमार्ग तर शेते, वस्त्या आणि अरुशाहून डोडोमाकडे जाणारा महामार्ग यांच्यामधून कसाबसा वाट काढतो. म्हणजे जे प्राणी पाहण्यासाठी उद्यानाचे तिकीट काढले जाते, त्यांची वीण अशा जमिनीवर अवलंबून आहे, जिच्यावर नांगर फिरवायचा की गुरे चारायची हे उद्यान ठरवत नाही. १९९९ च्या ग्रामजमीन कायद्यानुसार गावच्या जमिनीचा कारभार ग्रामपरिषदेकडे आणि ग्रामसभेकडे असतो. सिमानजिरोतील एका गावाशी काही सफारी कंपन्यांनी असा करार केला की, कुरण न नांगरल्याबद्दल गावाला दरवर्षी रक्कम मिळेल. गुरे चारण्यास मात्र मनाई नाही. गुरे आणि वन्यप्राणी एकमेकांचे वैरीच असतात, ही माझी समजूत त्या माळावर उभे राहिल्यावर टिकली नाही. तेथे दोघांनाही धोका आहे तो नांगराचा.

म्हणून माझ्या सत्रातील निम्मे काम माणसांशी बोलण्याचे होते. सिंह आणि तरस रात्री बोमात, म्हणजे गुरांच्या काटेरी वाडग्यात, शिरू नयेत यासाठी जिवंत झाडांचे खांब रोवून त्यांवर जाळीचे कुंपण घालण्याचा उपाय या भागात रुजला आहे. अशी कुंपणे असलेल्या आणि नसलेल्या घरांत आम्ही मुलाखती घेतल्या. माझ्या प्रश्नावलीचा पहिलाच प्रश्न ‘तुमच्याकडे गुरे किती?’ असा होता. दुभाष्याने तो नम्रपणे शेवटी ढकलला. अनोळखी माणसाने दारात उभे राहून संपत्ती विचारावी, हे कोणाला आवडेल? तेथे वडीलधाऱ्यांना स्वाहिलीत ‘शिकामू’ म्हणून अभिवादन करतात आणि ‘मराहाबा’ हे उत्तर ऐकूनच पुढे बोलतात. निघण्यापूर्वी थोडी स्वाहिली शिकून गेलात, तर दुर्बिणीपेक्षा तिचा उपयोग अधिक होईल.

गैरसोयींबद्दल थोडक्यात सांगतो. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्या लागतात. मला दिलेल्या डॉक्सिसायक्लिनने त्वचा उन्हात लवकर भाजते, हे मी पहिल्याच आठवड्यात अनुभवले. त्सेत्से माश्या गडद निळ्या आणि काळ्या रंगाकडे आकर्षित होतात, म्हणून तसे कपडे नेऊ नयेत. तळाबाहेर एकट्याने पायी फिरता येत नाही, आणि आठ-दहा आठवडे त्याच वीस-पंचवीस चेहऱ्यांसोबत राहणे काहींना सिंहापेक्षा जड जाते.

निवड करताना संस्थेला तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात. विद्यार्थी जमवतात ती माहिती पुढे कोणाकडे जाते आणि ज्या गावांतून ती घेतली, त्यांना निष्कर्ष कळवले जातात का? शिक्षकांत त्या देशातील संशोधक किती आहेत? आणि संशोधनाची अधिकृत परवानगी कोणाच्या नावावर आहे? तांझानियात परदेशी व्यक्तीला अशा कामासाठी तेथील विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाची परवानगी लागते. तिच्याविषयी उडवाउडवीची उत्तरे मिळाली, तर अर्ज करू नये. श्रेयांक मान्य होतील हे आपल्या विद्यापीठाकडून निघण्यापूर्वीच लेखी घ्यावे. मी ते परत आल्यावर मागितले आणि मोजणीच्या विषयाचे श्रेयांक मिळवण्यासाठी मला माझी चिखलाने माखलेली नोंदवही विभागात नेऊन दाखवावी लागली.