जुन्या फोटोची जागा शोधताना

भाऊ, देवळाचा जुना फोटो जिथून काढला तिथूनच आजचा फोटो काढायचाय ना? मग पाटणा, बलसाणे, चांगदेव ही खानदेशातली जुन्या देवळांची गावं सगळी एका दमात नको. एक देऊळ धर, त्याचा एकच जुना फोटो. पुरातत्त्व खात्याच्या हेन्री कझिन्सचे बलसाण्याचे फोटो सुरुवातीला बरे.

मग फोटोग्राफर उभा होता ती जागा शोध. नवखे इथेच फसतात: लांब उभं राहून झूम करतात. झूमने चौकट बदलते, कोन नाही. पुढच्या खांबाआड मागचा कोपरा फोटोत जेवढा झाकलाय, तेवढाच झाकेपर्यंत सरक. कधी वीतभर सरकलं तरी शिल्पाचं नाक खांबाबाहेर डोकावतं. सावलीही बघ. मी पहिल्यांदा मे महिन्यात भर दुपारी गेलो. सावल्या जुळल्या नाहीत, डोकं मात्र तापलं.

अजून दोन चुका:
- पांढरं आभाळ म्हणजे ढगाळ दिवस नव्हे. तेव्हा फोटो रसायन लावलेल्या काचेवर घ्यायचे. त्या काचांवर निळा रंग फार लवकर उमटायचा, म्हणून आभाळ कोरं.
- पुसट माणूस म्हणजे भूत नव्हे. बिचारा हलला, एवढंच.

फोटो ओल्या रसायनाच्या काचेवरचा (ही पद्धत १८५१ पासूनची) की कोरड्या, हा काथ्याकूट नंतर. आधी मूळ फोटो न कापता छापून घे, मोठा. मोबाईलवर उन्हात काही दिसत नाही.