लाल कॉइलवर 41 हजार घालावेत, की गाडीच विकावी?

प्रश्न : नाशिकला राहतो. स्कोडा लॉरा 1.8 टीएसआय, मॅन्युअल, नोव्हेंबर 2011 ची नोंदणी, 1,18,000 किमी. महिन्याला साधारण 700 किमी फिरते. मुंबईहून येताना कसारा घाटात तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी झटके देते आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. स्कॅनरवर पी0303 (तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे पेट्रोल नीट न पेटणं) आणि कधीकधी पी0300 (ठरावीक सिलिंडर नसलेला मिसफायर) येतो. प्लग 2021 मध्ये बदलले होते, त्यानंतर 45 हजार किमी झाले. प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या कॉइल मूळच्याच आहेत. गॅरेजने 'अपग्रेड' सांगितलं आहे : ऑडी आर8 च्या लाल कॉइल 4 × 5,500, प्लग 4 × 1,200, कॉइलचं वायरिंग 6,200, मजुरी 3,500, सॉफ्टवेअर जुळवणी 4,500. एकूण 41,000. साधी कॉइल 3,400 ला एक पडेल. पैसे कार्डावर 12 महिन्यांच्या हप्त्याने (16 टक्के) द्यावेत, की मुलीच्या जून 2027 च्या प्रवेशासाठी ठेवलेली 4 लाखांची एफडी मोडावी? बचत खात्यात 60 हजार आहेत. एक दलाल गाडीचे 1,90,000 द्यायला तयार आहे. ती विकून 8 लाखांचं कर्ज काढून नवी घ्यावी का?

उत्तर : कार्डही नको, एफडीही नको. आणि गाडी विकायची की ठेवायची हे आज ठरवू नका, तपासणीचे तीन आकडे हातात आल्यावर ठरवा. तुमच्या पत्रात सर्वांत महत्त्वाची गोष्ट कॉइलचा रंग नाही, नोंदणीची तारीख आहे. नोव्हेंबर 2026 मध्ये गाडीला 15 वर्षं पूर्ण होतील आणि नोंदणीचं नूतनीकरण करावं लागेल. त्याआधी तिच्यावर घातलेला प्रत्येक रुपया ती आरटीओतून पास होणार आहे की नाही, याच्याशी बांधलेला आहे.

आधी लक्षण पाहू. थंड गाडी सकाळी सुरू केल्यावर मिनिटभर थरथरते आणि मग शांत होते, असं असतं तर या थेट इंजेक्शनच्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्हवर साचलेल्या कार्बनचा संशय आला असता. तिथे कॉइल बदलून काही उपयोग होत नाही. तुमची गाडी मात्र गरम झाल्यावर, चढावर, जोर दिल्यावरच अडखळते. हे कॉइल-प्लगचं लक्षण आहे. टर्बो सिलिंडरमध्ये हवा कोंबून भरतो, आणि दाब वाढला की ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. प्लगची फट झिजून रुंदावली असेल तर आणखी लागतं. जुन्या कॉइलचं इन्सुलेशन तापल्यावर तेवढं व्होल्टेज धरून ठेवू शकत नाही. मग ठिणगी फटीतून न जाता प्लगवर चढणाऱ्या कॉइलच्या रबरी बुटाच्या आतून, प्लगच्या चिनीमातीवरून, सोपी वाट पकडून इंजिनाच्या धातूत उतरते. सिलिंडरमधलं पेट्रोल न जळताच बाहेर पडतं.

ही वाट डोळ्यांना दिसते. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग काढून उजेडात फिरवून पाहायला सांगा. पांढऱ्या भागावर खालच्या कडेला तपकिरी वलय असेल तर ते नेहमीचं आहे, त्याला घाबरू नका. पण वरपासून खालपर्यंत पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर तिथूनच वीज निसटते आहे. बुटाच्या आत टॉर्च मारा, तिची जोडीदार करडी रेघ तिथे सापडेल. अशी रेघ असेल तर प्लग आणि कॉइल दोन्ही बदलायचे. जुना बूट नव्या प्लगवर चढवला तर काही आठवड्यांत नव्या प्लगवरही तीच रेघ उमटते आणि 1,200 रुपये वाया जातात. प्लग बसतो त्या खोल खाचेत तेल साचलेलं दिसलं तर आधी ती गळती थांबवा, कारण तेलाने बूट फुगून सैल पडतो.

खात्रीसाठी अदलाबदलीची चाचणी करा. इंजिन पूर्ण थंड असताना तिसऱ्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर लावायची, कोड पुसायचा आणि गाडी गरम करून चढावर न्यायची. जागेवर उभ्या गाडीत दोष दिसणार नाही. कोड पी0302 झाला तर कॉइल दोषी. पी0303 वरच राहिला तर प्लगची तशीच अदलाबदल करा. तरीही हलला नाही तर इंजेक्टर, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) किंवा व्हॉल्व्ह पाहावे लागतील, आणि तिथे लाल, काळी, कुठलीच कॉइल कामाची नाही. पी0300 सोबत पी0171 असेल तर कुठून तरी जादा हवा आत शिरते आहे. या इंजिनात तेल-वाफेच्या पीसीव्ही व्हॉल्व्हचा पडदा फाटणं ही जुनी तक्रार आहे.

आता कोटेशनमधल्या ओळी. लाल कॉइल वाईट नाहीत. स्कोडाच्याच कंपनी-समूहाचा सुटा भाग आहे आणि सॉकेटही तोच बसतो. पण त्यांचा फायदा आहे तो सॉफ्टवेअर बदलून बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, वाढवलेल्या गाडीला. तुमच्या गाडीत कॉइल किती वेळ चार्ज करायची हे इंजिनाचा मूळ संगणक, म्हणजे ईसीयूच ठरवणार, त्यामुळे नुसती कॉइल बदलून ठिणगी आपोआप दणकट होत नाही आणि पिकअपही वाढत नाही. शिवाय लाल रंगाच्या नकली कॉइल बाजारात भरपूर आहेत, आणि नकली लाल कॉइलपेक्षा अस्सल साधी कॉइल केव्हाही टिकाऊ. प्रत्येकी 2,100 रुपये जास्त देऊन तुम्ही न वापरायची ताकद विकत घेत आहात.

सॉफ्टवेअर जुळवणीचे 4,500 सरळ काढून टाका. कॉइल बदलल्यावर कोणतंही कोडिंग लागत नाही, फक्त जुने कोड पुसायचे असतात. वायरिंगचे 6,200 पुराव्याशिवाय देऊ नका. उष्णतेने कनेक्टरची प्लास्टिकची कडी ठिसूळ होते आणि उतावळ्या हाताने मोडते हे खरं आहे. पण एखादी कडी मोडली तर तेवढंच कनेक्टर-घर बदलता येतं. पूर्ण वायरिंग तेव्हाच, जेव्हा तारेचं आवरण तडकलेलं तुम्हाला दाखवलं जाईल.

चारही कॉइल बदलाव्यात का? तुमच्या चारही मूळच्या, म्हणजे एकाच वयाच्या आहेत, म्हणून हो. अलीकडे एखाद-दुसरी बदललेली असती तर मी फक्त दोषी कॉइल बदला आणि एक डिकीत सुटी ठेवा, असं सांगितलं असतं. हिशेब असा होतो : कॉइल 13,600, प्लग 4,800, मजुरी 1,500 पर्यंत. एकूण 19,900. मजुरी याहून जास्त मागितली तर विचारा, कारण हे तासाभराचं काम आहे. बिल जीएसटीचंच घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर 18 टक्के जीएसटी आहे. कोटेशनमध्ये 28 टक्के लावले असतील तर तो जुना दर आहे.

काम होताना समोर उभे राहा. प्लगची फट फीलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापकाने) मोजायची, या इंजिनाला साधारण 0.7 ते 0.8 मिमी. प्लग आधी हाताने फिरवून पूर्ण बसवायचा आणि मग टॉर्क पाना लावायचा. प्लग बसतो ते इंजिनाचं हेड अॅल्युमिनियमचं आहे, आटे गेले तर हेडचंच काम निघतं आणि आपला सगळा हिशेब कोसळतो. बुटाच्या आत डायइलेक्ट्रिक (वीजरोधक) ग्रीसचा अगदी पातळ थर पुरे. कॉइल सरळ खाली दाबून बसवायची, कनेक्टर नंतर, आणि 'टक्' आवाज आला पाहिजे.

पण हे 19,900 खर्च करण्याआधी तीन आकडे मागा, कारण ही गाडी ठेवण्यालायक आहे का ते कॉइल सांगणार नाही. पहिला, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन. आपसातला फरक 3 बारपेक्षा जास्त नको. प्लग बाहेर असतातच, तेव्हाच हे मोजून घ्या. दुसरा, स्कॅनरवर कॅमशाफ्टची फेज स्थिती, म्हणजे टायमिंग चेन सैल पडली आहे का ते. या पिढीच्या 1.8 टीएसआयमध्ये ही चेन ताणून धरणारा जुन्या रचनेचा टेन्शनर हा कमकुवत दुवा आहे. तो सुटला तर चेन दात सोडते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. तिसरा, 1,000 किमीला इंजिन किती तेल खातं. अर्ध्या लिटरपेक्षा जास्त खात असेल तर नवे प्लगही लवकर काजळतील. चेनचं किंवा पिस्टन रिंगचं काम निघालं तर त्यावर पैसे घालू नका. दोष सांगून, आहे त्या स्थितीत गाडी विका. दोष लपवून विकणं मला मान्य नाही आणि तुम्हालाही नंतर ते महागात पडेल.

माझ्या मते नोव्हेंबरपर्यंत या गाडीवर दुरुस्तीचे 45 हजार ही वरची मर्यादा ठेवा, म्हणजे आजच्या विक्री किमतीच्या चौथ्या हिश्श्याच्या आत. 19,900 त्यात आरामात बसतात, आणि टायर-ब्रेकला 25 हजार उरतात.

पैसे बचत खात्यातून द्या. कार्डावर 41,000 चा 16 टक्क्यांनी वर्षभराचा हप्ता साधारण 3,720 बसतो. व्याज 3,640, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 655 आणि वर प्रक्रिया शुल्क. म्हणजे चार हजारांहून जास्त रक्कम निव्वळ उशिरा पैसे देण्यासाठी. एफडीला तारीख लागलेली आहे, तिला हात लावू नका. खात्यात 40 हजार उरतील. पुढचे चार महिने 5,000 बाजूला टाकले की खड्डा भरला.

नव्या गाडीचा हिशेबही सांगतो. 8 लाख, 9.5 टक्के, 5 वर्षं : हप्ता सुमारे 16,800, एकूण व्याज 2 लाखांच्या वर. लॉरा लिटरला 10 किमी देते आणि नवी 16 देईल असं धरलं, पेट्रोल 104 रुपये धरलं, तर 700 किमीला महिन्याचे 2,730 रुपये वाचतात. ही बचत हप्त्याच्या सहाव्या भागाइतकीही नाही, आणि मुलीचा प्रवेश तोंडावर आहे. तिन्ही आकडे ठीक असतील तर जून 2027 पर्यंत नवी गाडी नको.

दुरुस्ती मात्र लांबवू नका. लुकलुकणारा दिवा म्हणजे न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं आहे. कन्व्हर्टर वितळला तर त्याची किंमत या सगळ्या कोटेशनला मागे टाकेल, पीयूसीत गाडी अडकेल आणि नोंदणीचं नूतनीकरणही थांबेल. घाटात दिवा लुकलुकला तर पाय लगेच हलका करा आणि कडेला थांबा. तुमच्या विमा पॉलिसीत यांत्रिक किंवा विद्युत बिघाड धरलेला नसतो, त्यामुळे दाव्याची आशा ठेवू नका.

नूतनीकरणाचा अर्ज फॉर्म 25 मध्ये, मुदत संपण्याच्या 60 दिवसांच्या आत करता येतो, म्हणजे तुम्हाला सप्टेंबरच्या मध्यानंतर. 2022 पासून 15 ते 20 वर्षांच्या कारची फी 5,000 रुपये आहे, शिवाय राज्याचा पर्यावरण कर. नोंदणी पुढे 5 वर्षांसाठी मिळते. अर्जाआधी कॉइल बदलून किमान 1,000 किमी गाडी चालवा, कसारा एकदा चढा, आणि मग पुन्हा स्कॅनर लावून एकही मिसफायर मोजला गेलेला नाही हे पाहून घ्या.