पहिले पंधरा दिवस
फिटरची अप्रेंटिसशिप लागली ना, मग पहिले पंधरा दिवस हात कमी आणि डोळे जास्त चालव. मिस्त्री व्हर्नियर देतील तेव्हा आधी त्याचे जबडे पुसून मिटव, शून्य जुळतंय का बघ. ०.०२ मिमीपर्यंत मोजणारं ते हत्यार, धुळीच्या कणानंही चुकतं. मी न पुसताच मोजलं होतं; अख्खा जॉब, म्हणजे घडवत होतो तो भाग, भंगारात! समजलं नाही तर लगेच विचार, चहाच्या सुट्टीत तर खडूस माणूसही मोकळेपणी सांगतो. लॉगबुक रोजच्या रोज भर, महिनाअखेरीस आठवून लिहिलेलं साहेबांना कळतंच. थिअरी घरी अर्धा तासच, पण जेवणाआधी. जेवल्यावर डोळे मिटतात. आणि हो, फिरत्या लेथ मशीनजवळ हातमोजे घालून कधीही जाऊ नकोस.