वाचकांचे प्रश्न: व्हिनाइलची बाहुली

प्रश्न: हाताने रंगवलेल्या व्हिनाइलच्या बाहुलीच्या कानामागे बारीक रेघ आहे, हनुवटीखाली दोन टिंबे आहेत. गडद निळ्या साडीचा डाग मांडीवर उतरलाय. उन्हाळ्यात अंग चिकट लागते. माल सदोष समजायचा का?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर: रेघ साच्याच्या सांध्याची, टिंबे साच्यात अडकलेल्या हवेची. दोन भुवयांत केसभर फरक असला तरी तो हाताच्या कामाचा. आम्हाला तोच मोलाचा वाटतो. मानेशी चीर किंवा रंगाची पोपडी दिसली, तर मात्र बदलून मागा.

डाग सावकाश निघतो, कारण रंग व्हिनाइलच्या आत मुरतो. मुरमांवर लावतात ते बेन्झॉइल पेरॉक्साइडचे मलम (२.५ किंवा ५ टक्के) फक्त डागावर पातळ लावा, वर स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिकची फिल्म लावा आणि खिडकीशी सौम्य उजेडात काही तास ठेवा. पुसा, पाहा, गरज असेल तरच पुन्हा लावा. आधी तळपायावर करून बघाच. मलम जास्त वेळ राहिले तर व्हिनाइलचा मूळ रंगही फिका पडतो. चेहऱ्याच्या रंगकामाला आणि केसांना ते लागू देऊ नका. नेलपॉलिश रिमूव्हर तर मुळीच नको, ॲसिटोनने पृष्ठभागच विरघळतो.

चिकटपणा म्हणजे व्हिनाइल मऊ ठेवणारे द्रव्य बाहेर येणे. उष्णतेने ते वाढते. कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून ओल्या कापडाने पुसा. बुडवू नका, मानेच्या सांध्यातून पाणी आत शिरते. प्लास्टिकच्या पिशवीऐवजी धुतलेल्या पांढऱ्या मलमलीत गुंडाळा, बडोद्याच्या मे महिन्यात माळ्यावर ठेवू नका. गडद कपड्यांखाली पांढरे अस्तर हवेच.