‘माझ्यामुळेच’ मधला ‘च’

“मॅडम, माझ्यामुळं बाळाला होईल का?”

मी सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशन केंद्रात बसते. गरोदर बाईचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की रडं ओसरल्यावर पहिला प्रश्न हाच येतो. ‘माझं काय होणार’ हे त्यानंतर, कधी कधी तर विचारलंच जात नाही. गेल्या महिन्यात हा प्रश्न तीनदा ऐकला, म्हणून सुनंदाची गोष्ट सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा अर्थातच बदलल्या आहेत.

सुनंदा तिसऱ्या महिन्यात नाव नोंदवायला आली आणि नेहमीच्या रक्त तपासणीत कळलं. नंतर नवऱ्याचीही तपासणी पॉझिटिव्ह निघाली. घरात सासूला पत्ता नाही. मी तिला आकडे सांगितले: काहीच उपचार घेतले नाहीत तर १०० पैकी १५ ते ४५ बाळांना लागण होते, आईनं गोळ्या न चुकवता घेतल्या आणि बाळालाही औषध मिळालं तर पाचाहून कमी. तिनं मान हलवली. पण नुसते आकडे ऐकून भीती गेलेली बाई मला अजून भेटायची आहे.

मी नोकरीला लागले तेव्हा कळा सुरू झाल्यावर आईला नेव्हिरॅपिन या विषाणूरोधक औषधाची एक गोळी आणि जन्मल्यावर बाळाला एक डोस, एवढंच हातात होतं. २०१४पासून प्रत्येक पॉझिटिव्ह गरोदर बाईला निदान झाल्याबरोबर कायमची एआरटी (विषाणूला दाबून ठेवणाऱ्या रोजच्या गोळ्या) सुरू होते. सुनंदाच्याही गोळ्या सुरू झाल्या. एकही चुकली नाही. तरी चेहरा तसाच.

सातव्या महिन्यात तिनं मनातलं सांगितलं. “मी ठरवलंय मॅडम. आत्याबाई बघत असल्या की अंगावर पाजायचं. एकटी असले की बाटली. तेवढंच माझं इख कमी जाईल पोटात.”

मला घाम फुटला. कारण नेमकं हेच करायचं नसतं. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, सोबत एआरटी, हा एक रस्ता. स्वच्छ पाणी, दूध-पावडरचा खर्च, बाटली रोज उकळणं हे सगळं खरोखर जमणार असेल तर फक्त वरचं दूध, हा दुसरा. निवड आईची. पण थोडं हे, थोडं ते केलं की वरच्या दुधानं, पाण्यानं, गुटीनं बाळाच्या आतड्याचं नाजूक अस्तर दुखावतं आणि विषाणूला वाट मिळते.

हे तिला लगेच समजावता आलं असतं. पण ‘इख’ हा शब्द मला सोडेना. विवेकनिष्ठ विचारपद्धतीनं, म्हणजे भावनेमागचा समज तपासून बघायच्या समुपदेशनाच्या पद्धतीनं, मला एक सवय लावली आहे: माणूस वाक्यात ‘च’ कुठे लावतो तिकडे कान द्यायचा.

“बाळाला झालं तर कुणामुळे?”

“माझ्यामुळंच.”

“आणि नाही झालं तर?”

बराच वेळ ती पदराचं टोक पिळत बसली. “गोळ्यांमुळं.”

“रोज गोळी कोण गिळतं?”

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, “मीच की.”

तो ‘च’ मी ओढून काढला नाही, तिनं स्वतःच्या हातानं उचलून दुसरीकडे ठेवला. इतक्या वर्षांत असे क्षण मोजकेच आलेत, आणि खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी घरी जाताना स्वतःसाठी गजरा घेतला.

यानंतर दुधाचं गणित तिला पाच मिनिटांत पटलं. आईची मोठी चिंता बहुतेक वेळा विषाणूची नसतेच. आपण बाळाच्या वाईटावर आहोत, या समजाची असते. तो ढिला झाल्याशिवाय सल्ला आत जात नाही.

उरली गुटी. “आत्याबाईंनी सहाण धुऊन ठेवलीय. नको म्हटलं तर विचारतील, का?” तिच्या परवानगीशिवाय सासूला काही सांगायचा मला अधिकार नाही, २०१७ चा एचआयव्ही कायदा तेच सांगतो. पण सांगायची गरजही नव्हती. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, पाणीसुद्धा नको, हे सगळ्याच बाळांसाठी आहे. बाळंतपणानंतर वॉर्डातल्या सिस्टरनं सगळ्या सासवांना एकदमच सांगितलं.

आत्याबाई म्हणाल्या, “आमची पोरं काय गुटीनं मेली व्हय?”

“नाही मेली,” सिस्टर म्हणाली, “पण जुलाबाची दुपटी किती धुतलीत ते आठवा.”

बाळाला जन्मल्याबरोबर नेव्हिरॅपिनचं सिरप सुरू झालं, ते सहा आठवडे. (आईच्या गोळ्या उशिरा सुरू झाल्या असतील तर जास्त दिवस, ते डॉक्टर ठरवतात.) सहाव्या आठवड्यात थेट विषाणू शोधणाऱ्या तपासणीसाठी टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेतले. साधी तपासणी अँटिबॉडीज, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीरात तयार होणारी प्रतिद्रव्यं, शोधते. आईच्या अँटिबॉडीज बाळात दीड वर्षापर्यंत राहू शकतात, म्हणून ती इतक्या लवकर उपयोगाची नसते. हे ठाऊक नसल्यानं बाहेर तपासणी करून हबकलेली घरं मी पाहिली आहेत. सुनंदाच्या मुलीचे सगळे रिपोर्ट निगेटिव्ह आले, अठराव्या महिन्यातला शेवटचाही.

सहाव्या महिन्याच्या तपासणीला मात्र आत्याबाई स्वतः सोबत आल्या होत्या. रिपोर्ट कशाचा, त्यांना माहीत नव्हतं, आजही नाही. बाहेरच्या बाकावर मला थांबवून विचारलं, “सहा महिने झाले बरं का, बाई. मोजलेत मी. आता उगाळू का?”